लाल कागदावरचं जेवण

त्या वर्षी मला एका जागी बसवत नसे. वय एकवीस, नोकरी गिरणीच्या कचेरीत टायपिस्टची, म्हणजे बसण्याचीच. सूत, कोळसा, यंत्रांचे सुटे भाग असल्या विषयांची इंग्रजी पत्रं मी दिवसभर बडवत असे आणि टेबलाखाली माझे पाय सारखे हलत असत. समोरचे हेडक्लार्क चष्म्यावरून बघत आणि म्हणत, दौत हिंदकळतेय. संध्याकाळचा भोंगा झाला की लोक घराकडे वळत आणि मी स्टेशनकडे. तिथं माझं काम काही नव्हतं. मद्रासकडे जाणारी गाडी यायची, इंजिनात पाणी भरलं जायचं, गाडी निघून जायची. खिडक्यांतली माणसं कुठून कुठं चाललीत याचा अंदाज बांधत मी फलाटाच्या टोकापर्यंत जायचो आणि परत फिरायचो. घरी आई विचारायची, कुठं होतास. मी म्हणायचो, फिरायला.

स्टेशनच्या मागच्या रस्त्याला रेल्वेच्या चाळींच्या अलीकडे पत्र्याच्या छपराची एक जुनी वखार होती. त्या हिवाळ्यात तिला चुना लागला, दाराशी दोन कुंड्या आल्या आणि वर पाटी चढली. पाटीवर इंग्रजीत ‘चायना रेस्टॉरंट’ लिहिलेलं होतं, पण रेस्टॉरंटच्या स्पेलिंगात एक अक्षर कमी होतं. मी रोज तिथून जायचो आणि रोज ते अक्षर मला टोचायचं. शेवटी एके दिवशी आत शिरून मालकाला सांगितलं.

मालक मला अगदीच अनोळखी नव्हता. पाच-सहा वर्षं तो सायकलीला रेशमाचं गाठोडं बांधून सोलापुरातल्या बंगल्याबंगल्यांवर हिंडत असे. असे चिनी कापडवाले तेव्हा गावोगाव फिरत. आमच्या गिरणीच्या विव्हिंग मास्तर साहेबाच्या मडमेला तो व्हरांड्यात बसून थान उलगडून दाखवताना मी पाहिला होता. पुढं होटगीच्या रस्त्यावर बैलगाडी चुकवताना सायकल चरात गेली आणि त्याचा गुडघा फुटला. गुडघा बरा झाला तो कायमचा ताठूनच. सायकल सुटली. मग त्यानं हे खाण्याचं दुकान काढलं. वय पंचेचाळीसच्या आसपास, अंगानं उंच आणि हाडापेरानं आमच्या कुंभारी गावच्या शेतकऱ्यांसारखा. बोलायचा दखनी, तीही टांगेवाल्यांकडून उचललेली. मधेच विणकरांच्या पेठेतला एखादा तेलुगू शब्द घालायचा. हमाल त्याला चाचा म्हणत, म्हणून मीही चाचा म्हणू लागलो.

स्पेलिंग चुकलंय म्हटल्यावर त्यानं मला शिडी धरायला लावली आणि तेव्हाच्या तेव्हा ते अक्षर दोन अक्षरांच्या मधे कोंबून बसवलं. खाली उतरून त्यानं विचारलं, तुला मशीनवर लिहिता येतं ना? मेनू लिहून देशील?

असा मी त्याचा मेनू टाइप करणारा झालो. दर शनिवारी तो पदार्थ सांगायचा आणि सोमवारी कचेरी भरण्याआधी मी चार प्रती काढायचो.

त्याचे पदार्थ म्हणजे सूप, कटलेट, चॉप, अंडी घालून परतलेला भात, मटणाचा स्ट्यू आणि कस्टर्ड. गिऱ्हाईक रेल्वेचे गोरे आणि अर्धगोरे गार्ड-ड्रायव्हर, गिरणीतले दोन-तीन साहेब आणि कॅम्पातला एखादा अधिकारी. हे सगळं करायला तो कलकत्त्याला शिकला होता, एका साहेबाच्या बंगल्यावर खानसाम्याच्या हाताखाली. त्यात चिनी काय आहे असं मी विचारलं तेव्हा त्यानं टोमॅटो, साखर आणि व्हिनेगर आटवलेल्या लाल रसाची कढई दाखवली. हा रस ज्याच्यावर ओतला ते चिनी, असं त्याचं सरळ उत्तर होतं. साहेबाला गोड-आंबट आवडतं, तिखट आवडत नाही, हाडं आवडत नाहीत, आणि ताटात काय आहे ते ओळखू आलेलं आवडतं. हे तो हवापाण्याची गोष्ट सांगावी तसं सांगायचा. कुरकुर नसायची.

नावं मात्र माझी. नुसतं ‘चॉप’ लिहिणं मला बरं वाटेना. आमचे अण्णा, म्हणजे माझे वडील, म्युनिसिपालटीच्या शाळेत भूगोल शिकवत, त्यामुळं घरात ॲटलास होता. त्यातून शोधून मी पेकिंग चॉप केला, शांघाय राइस केला, यांगत्सी स्ट्यू केला. पुण्यापलीकडे मी पाऊल टाकलेलं नव्हतं. पण ती नावं टाइप करताना माझे पाय हलायचे थांबत.

एकदा नवीन आलेल्या एका ड्रायव्हरनं ‘चॉप सुई’ मागितली. तो अमेरिकेला जाणाऱ्या बोटीवर काम केलेला होता आणि तिकडं प्रत्येक चिनी दुकानात ती मिळते असं सांगत होता. चाचानं ते नाव जन्मात ऐकलेलं नव्हतं. तो आत गेला, उरलेली कोबी, गाजर आणि कोंबडीचे तुकडे एकत्र परतले, वर लाल रस ओतला आणि आणून ठेवलं. ड्रायव्हर खूश झाला. पुढच्या सोमवारी मी मेनूत चॉप सुई घातली आणि ती सगळ्यांत जास्त खपू लागली.

या कामाबद्दल मला एक ताट मिळायचं. आमच्या घरात चातुर्मासात कांदा-लसूणसुद्धा येत नसे. अंडं घातलेला भात मी पहिल्यांदा खाल्ला तो स्वयंपाकघराच्या दाराआड, भिंतीकडे तोंड करून. चव काय लागली ते आज आठवत नाही. घशाखाली उतरताना आपण निदान सोलापूरपुढचं होटगी जंक्शन तरी ओलांडलं असं वाटलं, ते आठवतं.

महिन्या-दीड महिन्यात मला कळलं की चाचाकडे दुसरा एक मेनू आहे.

त्याच्या मुलखातले फिरते कापडवाले अधूनमधून गाडीनं यायचे. कधी दोघं, कधी चौघं. विजापूर, गदगकडचा फेरा संपवून होटगीला गाडी बदलून सोलापूरला उतरत आणि दोन-तीन दिवस चाचाकडे मुक्काम करत. ते आले की स्वयंपाकघराच्या आतल्या भिंतीवर एक लाल कागद लागायचा. त्यावर कुंचल्यानं काळी अक्षरं उभी उतरलेली असत. ते लोक तो कागद वाचत, एखादं अक्षर बोटानं दाखवत, हसत, आणि मागच्या अंगणात उकिडवे बसून मोठाल्या वाडग्यांतून जेवत. जेवताना ते बोलत नसत. बाहेर साहेब लोक काट्याचमच्यांचे आवाज करत यांगत्सी स्ट्यू खात बसलेले असत. अंगणातून नुसता भुरके मारल्याचा आवाज यायचा आणि लसणाचा वास.

मला त्या कागदानं पछाडलं. मी टाइप केलेला मेनू खोटा आहे हे मला माहीतच होतं, माझ्याच हातचा होता तो. खरा चीन तिथं आत भिंतीवर होता आणि मला वाचता येत नव्हता. पक्ष्यांची घरटी खातात म्हणे, शंभर वर्षांची अंडी खातात म्हणे, असलं काहीबाही मी कुठं कुठं वाचलेलं होतं. एका शनिवारी मी चाचाला म्हणालो की मला ताट नको, त्या कागदावरचं काहीतरी दे.

तो पीठ मळत होता. मान वर न करता म्हणाला, “वो तुमारे वास्ते नै.”

“कायकू?”

पीठ बाजूला सारून त्यानं मला शांघाय राइस वाढला.

त्याच सुमाराला घरी माझ्या लग्नाचं निघालं. अक्कलकोटकडची मुलगी होती; मराठी-कानडी दोन्ही बोलते, शांत आहे, असं आई सांगायची. शांत हा शब्द ऐकला की मला उठून बाहेर जावंसं वाटायचं. मी कचेरीतल्या टाइपरायटरवर गुपचूप अर्ज काढत होतो. रंगून, कोलंबो, बसरा, मोंबासा, जिथं कुठं हिंदी कारकून लागतो असं ऐकलं तिथं. पोस्टमनला मी रस्त्यातच गाठायचो. बहुतेक अर्जांना उत्तर यायचं नाही. आलं तर नकाराचं.

उन्हाळा तोंडावर असताना एका शनिवारी दुपारी आमचे विव्हिंग मास्तर साहेब एका पाहुण्याला घेऊन चाचाकडे आले. मी पुढच्या आठवड्याचा मेनू उतरवून घेत बसलो होतो. आपल्या गिरणीचा साहेब समोर बघून उभा राहिलो. पाहुणा मडमेचा भाऊ होता, चीनच्या उत्तरेकडे रेल्वे बांधायच्या कामावर पंधरा-सोळा वर्षं काढलेला इंजिनियर. त्यानं मेनू हातात घेतला, वाचला आणि मोठ्यानं हसला. यांगत्सी नदीकाठी असला स्ट्यू कुणी बघितलेला नाही, असं तो म्हणाला. माझे कान तापले.

मग त्यानं चाचाकडे वळून चिनीत काहीतरी विचारलं.

इतक्या महिन्यांत एवढा दचकलेला चाचा मी पाहिला नव्हता. हातातलं फडकं त्यानं दोन्ही हातांनी धरलं. साहेबाच्या तोंडून आपली भाषा, आणि तीही आपल्याच भागातली, हे त्याला समजायलाच वेळ लागला. मग तो हळूहळू बोलू लागला. पाहुण्यानं आणखी काही विचारलं, चाचानं मान हलवून नाही म्हटलं. पाहुणा आमच्या साहेबाला इंग्रजीत म्हणाला, मी याला म्हणतोय, साहेबांचं राहू दे, तुमच्यातलं खरं जेवण वाढ. हा म्हणतो, तसलं काही इथं नाही.

इथं मी गप्प बसायला हवं होतं. पण मी म्हणालो, “आहे सर. आत भिंतीवर यादी लावलेली आहे.”

चाचाला इंग्रजी बेताचंच कळायचं, पण मी कुठं बोट दाखवलं ते त्यानं पाहिलं. आदल्याच दिवशी दोन कापडवाले येऊन राहिलेले होते, त्यामुळं कागद भिंतीवर होता. पाहुणा उठून सरळ आत गेला. साहेब मागोमाग आणि त्यांच्या मागं मी. पाहुण्यानं हात पाठीशी बांधून तो लाल कागद वाचला आणि साहेबाला एकेक ओळ इंग्रजीत करून सांगितली. मी श्वास रोखून ऐकत होतो.

ज्वारीची पेज. ज्वारीचे वाफवलेले उंडे. कच्चा लसूण. खारवलेला मुळा. उकडलेल्या भुईमुगाच्या शेंगा. रविवारी, मिळालं तर, गव्हाच्या शेवया.

बस्स. एवढंच.

ज्वारीला त्या लोकांत गाओल्यांग म्हणतात, म्हणजे उंच धान्य, हे पाहुण्यानंच सांगितलं. त्याला मेजवानीचे पदार्थ हवे होते, अख्खं बदक, बारा-बारा वाडगे मांडलेलं टेबल. तो वैतागला होता. चुलीवरच्या मडक्याचं झाकण उचलून त्यानं आत बघितलं, परत ठेवलं आणि इंग्रजीत म्हणाला, “हा स्वयंपाकी नव्हेच. हा शेतकरी आहे. असलं अन्न तिकडं गाडीवानसुद्धा पाहुण्यापुढं ठेवणार नाही.” मग हसून म्हणाला, याच्यापेक्षा चॉप सुईच बरी. ते दोघं बाहेर जाऊन बसले आणि त्यांनी चॉप सुई मागवली.

चाचानं मला कोपऱ्यात घेतलं. “क्या बोला वो?”

मला काहीही सांगता आलं असतं. तुझ्या मुलखाची आठवण झाली म्हणाला, असं सांगितलं असतं तरी भागलं असतं. पण माझ्या आत काहीतरी खवळलं होतं. इतके महिने मी त्या कागदाभोवती घिरट्या घातल्या आणि त्यावर निघालं काय, तर आमची कुंभारीची जमीन कसणाऱ्या वाटेकऱ्याच्या घरचं जेवण. ज्वारी, लसूण, मुळा, शेंगा. मी शब्दन् शब्द सांगितला. गाडीवानाचंही सांगितलं. तो हसला तेही सांगितलं, आणि ते सांगताना मीही थोडा हसलो असेन.

चाचानं ऐकून घेतलं. फडकं खुंटीला अडकवलं.

“सचीच बोला,” तो म्हणाला. “किसान है मैं.”

मग कढई चुलीवर चढवून तो कोबी चिरायला लागला.

पुढचे आठ-दहा दिवस मी तिकडं फिरकलो नाही. स्टेशनवरही गेलो नाही. कचेरी सुटल्यावर गावात उलटसुलट हिंडायचो, तळ्याच्या कडेनं जायचो, पुन्हा बाजारात यायचो. घरी ताटात भाकरी आली की माझा हात आखडायचा. आई म्हणाली, पोट बिघडलंय का? मी चिडून काहीतरी बोललो. अण्णा जेवता जेवता माझ्याकडे बघत होते.

शेवटी माझं मलाच राहवेना. मेनू टाइप करून द्यायचा राहिलाय ही सबब धरून मी गेलो. दुपार होती, गिऱ्हाईक नव्हतं. चाचा अंगणात उकिडवा बसून जेवत होता, तो ताठ पाय पुढं पसरून. मला बघून तो उठला. आत गेला, दुसरा वाडगा भरून आणला आणि माझ्यापुढं ठेवला.

पेज दाट होती, मिठाची. वर भाजलेला लसूण आणि उकडलेल्या शेंगांचे दाणे. मी चार घास खाल्ले. आमच्याकडे आंबील करतात तिची ही भावंडच होती, फक्त आंबवलेली नव्हती. मला वाईट लागली असं नाही. पण वाडगा खाली ठेवून मी विचारलं, हेच होतं तर मला इतके दिवस दिलं का नाहीस?

त्यावर तो एरवी बोलायचा त्यापेक्षा बरंच बोलला. म्हणाला, तू यायचास तो दुसरं काहीतरी खायला. मी तुला ज्वारी दिली असती तर तू परत आला नसतास. साहेबाला चीन पाहिजे, तुलाही चीन पाहिजे. माझ्याकडे तो नाही. माझ्या गावी बाप भात खायचा तो वर्षातून एखाद्या दिवशी. सोलापूरला पहिल्यांदा गाडीतून उतरलो तेव्हा रुळांच्या दोन्ही बाजूंना ज्वारी उभी होती. म्हणून उतरलो. नाहीतर तिकीट पुढचं होतं.

हे मला माहीत नव्हतं. मी उरलेली पेज खाल्ली. त्याची माफी मागायचं मनात होतं, पण दखनीत ती कशी मागतात ते मला सुचेना आणि मराठीत मागून त्याला कळली नसती. मी नुसताच म्हणालो, मेनू सांग, लिहून घेतो.

त्यानं नेहमीचे पदार्थ सांगितले आणि शेवटी म्हणाला, खाली तेही लिही. जे लाल कागदावर आहे ते. मी विचारलं, नावं काय देऊ? तो म्हणाला, नाव कशाला, ज्वारीला ज्वारी लिही.

मी टाइप केलं. साहेबांनी ते वाचून थट्टा केली. एका गार्डनं बैलाचं खाणं म्हणून ताट मागवलं आणि एक घास खाऊन सरकवलं. नंतर साहेबांचं येणं आपोआप कमी झालं. विव्हिंग मास्तरांनी पाहुण्याचा किस्सा क्लबात सांगितला असणार. पण बाहेर उभे असणारे टांगेवाले आणि हमाल यांच्या कानावर गेलं की आत ज्वारी मिळते. आधी कुणी शिरेना. साहेबांची भांडी, त्यांत काय काय शिजलेलं. चाचानं बाजारातून मातीची नवी मडकी आणली, त्यांच्यादेखत फोडणी दिली आणि चूल अंगणात मांडली. एका म्हाताऱ्या हमालानं पहिला वाडगा घेतला, चाखला आणि बाकीच्यांना सांगितलं, “ज्वारीच हाय की. लसूण लई घातलाय, पन चांगलं हाय.” महिन्याभरात अंगणात बसायला जागा उरेना. काट्याचमच्यांचा संच त्यानं एका रेल्वेच्या खानसाम्याला देऊन टाकला.

मी तिथं रोज जातो हे हेडक्लार्कनी अण्णांना सांगितलं. एका रविवारी मी अंगणात हमालांच्या ओळीत बसलो होतो आणि दारात अण्णा दिसले. धोतर, काळी टोपी, हातात मिटलेली छत्री. मी वाडगा खाली ठेवला. सगळं अंगण गप्प झालं, कारण अशा वेषातला माणूस तिथं कधी येत नसे. आता चारचौघांत माझी शोभा होणार असं मी धरून चाललो.

अण्णा माझ्याकडे आले नाहीत. कोपऱ्यात ज्वारीचं पोतं उघडं होतं, तिकडं गेले, मूठभर दाणे तळहातावर घेऊन फुंकर मारली, एक दाणा दातांनी फोडला. अण्णांचा जन्म कुंभारीचा; मास्तरकी धरली तरी वाट्यानं दिलेल्या जमिनीवर ते दर सुगीला जात. त्यांनी चाचाला विचारलं, हे तुमच्या मुलखात पिकतं? अण्णांना दखनी येत नव्हती, चाचाला मराठी जेमतेम. मी मधे बसून सांगू लागलो. या वेळी मी फार जपून सांगत होतो.

त्यांचं बोलणं तासभर चाललं. जमीन काळी की तांबडी, ज्वारीचं धाट किती उंच होतं, पाखरं राखायला मचाण घालतात का, कडबा गुरं खातात का. चाचानं हात डोक्याच्या वर धरून उंची दाखवली. कडब्याची ते छपरं करतात, चटया विणतात, असं सांगितलं. अण्णांना सगळ्यांत नवल वाटलं ते पेरणीचं. आमच्याकडे पाऊस सरता सरता पेरायची आणि थंडीवर पिकवायची. त्यांच्याकडे थंडी संपली की पेरायची आणि पावसात वाढवायची. अण्णा पुन्हा पुन्हा विचारून खात्री करून घेत होते. हमाल ऐकत बसले होते. एकजण म्हणाला, मग त्यांच्यात हुरडा उन्हाळ्याच्या शेवटी येत असंल. चाचाला हुरडा म्हणजे काय ते मला सांगावं लागलं.

अण्णांनी तिथं पाणीही घेतलं नाही. ते घेणार नाहीत हे चाचाला समजलं असावं, त्यानं आग्रह केला नाही. निघताना त्यांनी त्याला हात जोडले. अण्णांनी कुणा परक्याला असे हात जोडलेले मी पाहिले नव्हते.

अण्णा माझ्याबरोबर घराकडे निघाले. मग म्हणाले, “अठरा वर्षं मी पोरांना सांगतोय, चीनचं मुख्य अन्न भात. उद्या सांगायला हवं.” थोडं चालल्यावर छत्री दुसऱ्या हातात घेऊन म्हणाले, “रंगूनचं पाकीट काल शाळेत आलं. पोस्टमन मला ओळखतो.”

त्यांनी ते खिशातून काढून मला दिलं. फोडलेलं नव्हतं. रस्त्यातच उभं राहून मी वाचलं. लाकडाच्या एका वखारीत कारकुनाची जागा होती, महिन्याभरात हजर व्हायचं होतं.

“जायचंय?”

मी हो म्हणालो.

“मग आईला तू सांग. मी सांगणार नाही.”

मी सांगितलं. ती दोन दिवस माझ्याशी बोलली नाही, आणि तिसऱ्या दिवशी शेंगांची चटणी कुटायला बसली, प्रवासात पुरेल इतकी. अक्कलकोटच्या मंडळींना अण्णांनी नकार कळवला. त्या मुलीचं पुढं काय झालं ते मी कधी विचारलं नाही. त्या वेळी मला तिचा विचारच शिवला नव्हता, हे आज लिहिताना बरं वाटत नाही.

निघण्याच्या दिवशी चाचाला भेटायला गेलो तर अंगण भरलेलं होतं. तो पळीनं वाढत होता. रंगूनला चाललो म्हटल्यावर त्यानं तिथं आपल्या लोकांची वस्ती मोठी आहे एवढं सांगितलं आणि पुढच्या माणसाचा वाडगा घेतला. माझी गाडी वेळेवर सुटली.

वर्षभरानं अण्णांच्या पत्रात त्याची हकिकत आली. त्याच्या मुलखात लढाई पेटली होती, घरची पत्रं थांबली होती. एके दिवशी त्यानं चूल विझवली, मडकी हमालांना वाटली आणि तो कलकत्त्याच्या बाजूला निघून गेला. जाण्याआधी त्यांच्या शाळेत येऊन गेला, असं अण्णांनी लिहिलं होतं; वर्गात नकाशासमोर उभं राहून त्यानं आपलं गाव कुठं असेल तिथं बोट ठेवलं. गाव नकाशात नव्हतं. अण्णांनी तिथं पेन्सिलीनं ठिपका दिला.

रंगूनला मी मद्रासी खानावळीत जेवायचो. वखारीत माझ्या शेजारी एक बर्मी कारकून होता, चौकस. त्यानं एकदा विचारलं, तुझ्या गावाकडे लोक काय खातात? मी म्हणालो, पुरणपोळी, श्रीखंड, बासुंदी, केशरी भात. तो म्हणाला, रोज? मी म्हणालो, जवळजवळ रोजच. ज्वारीचं नाव काढलं नाही.

त्यानं एकदा मला करून घाल म्हटलं, तेव्हा मी विषय बदलला. आठवड्याभरात मी आणखी पुढच्या, मोलमीन बंदरातल्या एका कंपनीकडे नोकरीचा अर्ज टाकला.